बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन बदलला, पण बटण दाबलं की आरसीसीबी पडतो

पारिजात (डोंबिवली)
नमस्कार मंडळी. आमची इमारत १९९६ सालची, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बाथरूमच्या खिडकीत बिल्डरने दिलेला लोखंडी चौकटीचा ८ इंची एक्झॉस्ट फॅन होता. तो बरीच वर्षं जाम होऊन नुसता पडून होता. गेल्या पावसाळ्यात छताला काळे डाग धरले, सासूबाईंना दमा आहे, म्हणून आता बदलायचाच असं ठरवलं. ६ इंची, प्लास्टिक बॉडीचा, मागे झडपा असलेला फॅन आणला.

जुन्या फॅनला दोनच वायरी होत्या, एक लाल आणि एक काळी. पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडवली तर हाताला चिकट डिंक लागला आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं होतं. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने टोकं साफ करून नवा फॅन त्याच वायरींना जोडला. आता फॅनचं बटण दाबलं की डीबीतला (घराच्या मुख्य स्विचबोर्डातला) आरसीसीबी, म्हणजे करंट गळतोय असं दिसलं की लाइन तोडणारा स्विच, त्याच क्षणी पडतो. गीझर, वॉशिंग मशीन, किचनचे प्लग सगळे बंद. पॅसेजचा दिवा मात्र चालूच राहतो. फॅनचं बटण बंद ठेवलं तर आरसीसीबी छान बसतो, गीझर कितीही वेळ चालवा.

फॅन दुकानात नेऊन लावून पाहिला, तिथे व्यवस्थित फिरला. आणखी एक, बटण बंद असतानाही फॅनच्या जोडावर टेस्टर लागतो, म्हणजे वीज आहे असं दाखवतो. किचनचं काम केलं तेव्हा डीबी नवीन बसवली, आरसीसीबी तेव्हाच आला. त्या वेळी जुना फॅन बंदच होता.

इलेक्ट्रिशियनचं म्हणणं, आरसीसीबी नाजूक आहे, काढून लाइन सरळ करून देतो. मला ते अजिबात पटत नाही. शिवाय फॅनला हिरवी वायर नाही, ती लागते का? जाणकारांनी कृपया सांगावं.

घाटमाथा
आरसीसीबी काढू देऊ नका. बाकी उत्तरं येतीलच, पण तोवर बटणावर पट्टी चिकटवून ठेवा म्हणजे घरातलं कुणी चुकून दाबणार नाही.

सोनचाफा (रत्नागिरी)
आमच्याकडे खाऱ्या हवेमुळे लोखंडी फॅन टिकतच नाहीत, प्लास्टिकचा घेतलात ते उत्तम. फॅनमध्ये ओल गेली असेल का? ओल असली की लीकेज होऊन ईएलसीबी (आरसीसीबीलाच बरेच जण असं म्हणतात) पडतो असं ऐकलं आहे.

पारिजात
सोनचाफा, फॅन अगदी कोरा आहे, खोक्यातून काढून लावलेला. दुकानदाराकडेही आरसीसीबी होता, तिथे पडला नाही.

तारतंत्री (निवृत्त, कोल्हापूर)
पारिजातताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की निम्मं काम झालं. फॅन चांगला आहे, आरसीसीबीही चांगला आहे. दोष न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीत आहे असं माझं ठाम मत आहे. का ते सांगतो.

आरसीसीबी एकच गोष्ट पाहतो: त्याच्यामधून फेजने (करंट आणणाऱ्या वायरीने) जेवढा करंट गेला, तेवढाच न्यूट्रलने परत आला का? घरगुती आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. तेवढा फरक होईपर्यंत तो पडतोच. आता तुमचा ६ इंची फॅन ३५ वॅटच्या आसपास धरू. ३५ भागिले २३० केलं की साधारण ०.१५ अँपिअर येतात, म्हणजे १५० मिलिअँपिअर. फॅनला फेज दिव्यांच्या लाइनवरून मिळत असेल, जी तुमच्याकडे आरसीसीबीच्या बाहेर आहे (म्हणून तर पॅसेजचा दिवा चालू राहतो), आणि न्यूट्रल मात्र गीझरच्या लाइनची जोडलेली असेल, तर काय होईल? फॅनचा करंट जाताना आरसीसीबीला दिसत नाही, परत येताना दिसतो. सगळेच्या सगळे १५० मिलिअँपिअर त्याच्या हिशेबी फरक. तो पडणारच, आणि पडतोय तेच योग्य आहे.

हे असं का केलं गेलं असेल? बाथरूमबाहेरच्या बोर्डात गीझरचा १६ अँपिअरचा प्लग असतो. १९९६ च्या वायरमनला तिथे न्यूट्रल हाताशी मिळाली, त्याने फॅनच्या बटणाला तीच दिली. जुन्या डीबीत सगळ्या न्यूट्रल एकाच पट्टीवर, त्यामुळे फॅन बिनबोभाट चालला. नवी डीबी बसवताना पॉवरच्या न्यूट्रल आरसीसीबीच्या पट्टीवर गेल्या आणि दिव्यांच्या न्यूट्रल वेगळ्या पट्टीवर. तेव्हा फॅन बंद असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

बटण बंद असताना टेस्टर लागतो, त्याचं कारण म्हणजे बटण न्यूट्रलवर आहे. फेज थेट फॅनला गेला आहे. बटण बंद केलं तरी फॅन जिवंतच. ओल्या हाताने जाळी पुसायला गेलं तर काय होईल ते सांगायला नको.

बोर्ड न उघडता खात्री करायची असेल तर असं करा. आरसीसीबी हाताने खाली पाडा. पॅसेजचा दिवा लागतोय ना ते पाहा. आता फॅनचं बटण चालू करा. माझा अंदाज खरा असेल तर फॅन फिरणार नाही, कारण आरसीसीबी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. पण फॅनच्या जोडावर टेस्टर लागेल. म्हणजे फेज बाहेरून आणि न्यूट्रल आतून. फरशी कोरडी, पायात रबरी चप्पल, लाकडी स्टूल, आणि टेस्टर आधी चालू प्लगवर लावून पाहायचा. हे जमणार नसेल तर वायरमनलाच करू द्या.

पारिजात
तारतंत्री काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं! आरसीसीबी पाडलेला, पॅसेजचा दिवा चालू, फॅन फिरत नाही, आणि जोडावर टेस्टर लागतोय, तोही दोन्ही वायरींवर, बटण बंद केल्यावर. दोन्हीवर कसा?

तारतंत्री
बटण बंद म्हणजे न्यूट्रलची वाट तुटली. फेज फॅनच्या वाइंडिंगमधून (मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीतून) पुढे जाऊन दुसऱ्या वायरीवर उभा राहतो. तिथे जायला जागा नाही म्हणून फॅन फिरत नाही, पण हात लावला तर वाट तुमच्या अंगातून तयार होते.

यातला धोका मला जास्त खुपतो, म्हणून लिहितोच. उद्या गीझर दुरुस्तीला माणूस येतो. तो गीझरचा एमसीबी (जास्त करंट गेला की त्या लाइनपुरता पडणारा स्विच) पाडतो, प्लगवर टेस्टर लावतो, काही लागत नाही. त्याला वाटतं लाइन बंद आहे. तो प्लगमागची न्यूट्रल सोडवतो. त्या वेळी फॅनचं बटण चालू असेल तर दिव्यांच्या लाइनचा फेज फॅनमधून येऊन त्याच्या हातातल्या मोकळ्या काळ्या वायरीवर बसलेला असतो. काळी वायर आहे म्हणून तो बेफिकीर असतो. एक पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल नाही, हे लक्षात घ्या. अशा उसन्या, म्हणजे दुसऱ्या लाइनवरून घेतलेल्या न्यूट्रलने वायरमनांचे जीव गेले आहेत. म्हणून हे काम आजचं उद्यावर टाकू नका.

घाटमाथा
काका, मग फॅनचा फेज आरसीसीबीतल्या लाइनवरून, म्हणजे गीझरच्याच प्लगवरून घेतला तर? बोर्डातल्या बोर्डात काम होईल.

तारतंत्री
आरसीसीबी पडायचं थांबेल, पण मी तसं करणार नाही. गीझरच्या लाइनला १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर असते. त्यावरून १ चौरस मिलिमीटरची जुनी वायर फॅनला काढली तर तिच्यात दोष आला तरी एमसीबी वेळेवर पडेलच असं नाही. एमसीबी वायरीच्या जाडीप्रमाणे असतो. फॅन दिव्यांच्या लाइनवरच हवा, त्याच लाइनच्या फेजवर आणि त्याच लाइनच्या न्यूट्रलवर. ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी पुरतो.

पारिजातताई, बोर्डापासून खिडकीपर्यंत तीन नव्या वायरी ओढून घ्या: लाल, काळी, हिरवी, १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या. पाइप भिंतीत आहेच, जुन्या वायरीला नवी बांधून ओढली की येते. नाही आली तर स्प्रिंग (पाइपातून वायर ओढायची लवचिक तार) घालावी लागेल. बटण लालवर. नव्या फॅनच्या वायरी तपकिरी-निळ्या असतील तर तपकिरी फेज, निळी न्यूट्रल.

हिरव्या वायरीबद्दल: फॅनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे, त्याला अर्थिंग जोडायचं नसतं. खूण नसेल किंवा अर्थिंगचा स्क्रू असेल तर जोडलंच पाहिजे. पण वायर ओढताना हिरवी ओढूनच ठेवा. पुढे कुणी धातूचा फॅन बसवला तर पुन्हा भिंत चाळवायला नको. टोक इन्सुलेट करून बॉक्समध्ये.

आणि शेवटचं, बाथरूमचा दिवा आणि फॅनसुद्धा आरसीसीबीच्या संरक्षणात आणा. पाण्याच्या जागी तो नसणं मला चालत नाही. दिव्यांच्या लाइनीला वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा, म्हणजे एक पडला तर अख्खं घर अंधारात जाणार नाही.

रानवारा (पुणे)
जोडांसाठी कृपया टेप नको. बाथरूमच्या वाफेत टेपचा डिंक वितळतो आणि टेप सुटते, पारिजात यांनी लिहिलंच आहे. कनेक्टर पट्टी किंवा खटक्याचे कनेक्टर वापरा आणि ते झाकणाच्या प्लास्टिक बॉक्समध्ये ठेवा. खटक्याचे मला जास्त आवडतात, खटका उचलायचा, उघडं तांबं शेवटपर्यंत घालायचं, खटका दाबायचा, मग वायर ओढून पाहायची. पारदर्शक असल्यामुळे तांबं आत पोचलं का ते दिसतं.

सोनचाफा
आमच्याकडचा प्रश्न थोडा वेगळा आहे, इथेच विचारते. सगळे एमसीबी खाली पाडले तरी आरसीसीबी कधी बसतो, कधी लगेच पडतो. फॅन वगैरे काही चालू नसतं.

तारतंत्री
ताई, आरसीसीबीच्या पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना चिकटले आहेत. एमसीबी पाडून न्यूट्रल तुटत नाही म्हणून दोष तसाच राहतो. मेन बंद करून डीबीतल्या न्यूट्रल एकेक सोडवायच्या आणि प्रत्येकीचं अर्थिंगशी मीटरने माप घ्यायचं. जिच्यावर मीटर वाजेल ती लाइन. घरातले प्लग आधी सगळे काढायचे. हे वायरमनचं काम आहे, परवानाधारक माणूस बोलवा.

फॅब्रिकेटर (ठाणे)
वायरिंग काकांनी सोडवलं, मी खिडकीचं सांगतो, कारण बहुतेक फॅन तिथेच फसतात. खोक्यावर १५० मिलिमीटर लिहिलेलं असतं ते पात्यांचं माप आहे, भोक त्याहून मोठं लागतं. खोक्यातल्या कागदावर भोकाचं माप दिलेलं असतं, तेच घ्यायचं. काचेच्या पट्ट्यांची खिडकी असेल तर वरच्या पट्ट्या काढून तेवढ्या भागात ६ मिलिमीटर जाडीची अॅक्रिलिक शीट किंवा अॅल्युमिनियम कंपोझिट शीट बसवा. काचेत भोक पाडू नका, फॅनच्या थरथरीने तडकते. ताईंच्या खिडकीत ८ इंचाची जागा आधीच आहे, ६ इंची फॅन तिथे तसाच बसवला तर कडेच्या फटीतून बाहेर फेकलेली हवा परत आत येते. तिथे शीटचा तुकडा लागेल, कडेने सिलिकॉन.

डक्टच्या बाजूला कबुतरं असतील तर झडपांच्या बाहेर जाळी लावा, पण झडपा पूर्ण उघडतील एवढं अंतर सोडून. बारीक मच्छरदाणीची जाळी नको, ती धुळीने बुजते आणि फॅन नुसता गुरगुरतो.

मनमोर (पुणे)
मी ऑनलाइन टायमरवाला फॅन घेतला आहे. त्याला तीन टोकं आहेत, एल, एन आणि टी. अर्थिंगचं नाही. हे तिसरं काय?

आजोळ (लेस्टर, इंग्लंड)
मनमोर, आमच्याकडे असेच फॅन सर्रास असतात. एल म्हणजे कायमचा फेज, टी म्हणजे बटणातून येणारा फेज, एन न्यूट्रल. दिवा लावला की टी वर फेज येतो आणि फॅन सुरू होतो. दिवा बंद केला की आतला टायमर कायमच्या फेजवर आणखी काही मिनिटं फॅन चालवतो. फक्त बटणाचा फेज दिलात तर टायमर चालणारच नाही. आणि कायमचा फेज असल्यामुळे दिव्याचं बटण बंद केलं तरी फॅन जिवंत राहतो, म्हणून इथे बाथरूमच्या बाहेर तीन पोलचा आयसोलेटर (तिन्ही वायरी एकदम तोडणारा स्विच) लावतात. तुम्हीही लावा. शॉवर किंवा टबच्या वर २.२५ मीटरपर्यंत आणि कडेपासून ६० सेंटिमीटरच्या पट्ट्यात विजेच्या वस्तूंना इथे कडक नियम आहेत, तिथे किमान आयपीएक्स४ (पाण्याचे शिंतोडे सोसते अशी) खूण असलेली वस्तू लागते. भारतातल्या छोट्या बाथरूममध्ये शॉवर आणि खिडकी जवळजवळ असतात, तेव्हा ही खूण पाहून घेतलेली बरी.

वनिता (नाशिक)
एक महत्त्वाचं. कुणाकडे गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे सुरक्षित झालो असं समजू नका. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. दार-खिडकी बंद असताना फॅन हवा बाहेर खेचतो, आत हवा यायला जागा नसेल तर गीझरचा धूर वर जाण्याऐवजी खोलीत ओढला जाऊ शकतो. दर हिवाळ्यात आपल्याकडे अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. गॅस गीझर बाहेर, मोकळ्या हवेत, आणि आत फक्त गरम पाण्याची पाइप. यात तडजोड नको.

फॅब्रिकेटर
वनिताताईंना पूर्ण अनुमोदन. साध्या गीझरच्या बाथरूमलाही हवा आत यायची वाट हवीच. दाराखाली बोटभर फट ठेवा किंवा दाराच्या खालच्या भागात जाळीची पट्टी. ५ बाय ७ फुटांचं, ८ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे २८० घनफूट, जेमतेम ८ घनमीटर. तासाला दहादा हवा बदलायची म्हटली तरी ८० घनमीटर पुरतात, ६ इंची फॅन त्याहून बराच जास्त देतो. दार घट्ट बंद असेल तर मोठा फॅन लावूनही उपयोग नाही.

पारिजात
मंडळी, काम झालं. परवानाधारक वायरमन बोलावला, काकांचं उत्तर त्यांना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी मेन बंद करून बोर्ड उघडला. फॅनच्या बटणाची काळी वायर खरोखर गीझरच्या प्लगच्या न्यूट्रलला पिळलेली होती आणि लाल वायर पॅसेजच्या जंक्शन बॉक्समधून थेट खिडकीत गेलेली. ती दोन्ही टोकांनी सोडवून काढली.

नव्या तीन वायरी जुन्या काळीला बांधून ओढल्या. कोपऱ्यावर अडकल्या, तिथे दोघांनी दोन टोकांना धरून एकाने ढकलायची, एकाने ओढायची असं करत आल्या. बटण आता फेजवर. फॅनवर चौकोनात चौकोन खूण आहे, त्यामुळे हिरवी टोक बंद करून बॉक्समध्ये ठेवली. खटक्याचे कनेक्टर वापरले. खिडकीत शीट बसवून फॅन लावला, बाहेर जाळी.

मीटरने त्यांनी मापं दाखवली: फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थिंग २३०, न्यूट्रल-अर्थिंग २ व्होल्टच्या आत. बटण बंद केल्यावर फॅनकडे काहीच नाही. दिव्यांच्या लाइनला दुसरा आरसीसीबी लावला. फॅन चालू आहे, दोन्ही बसलेले आहेत. दोघांचं टेस्टचं बटण दाबून पाहिलं, दोन्ही लगेच पडले.

काका, तुमचे आणि सगळ्यांचे मनापासून आभार. एकच राहिलं, छताच्या काळ्या डागांचं काय करू? रंगारी म्हणतो वरून रंग मारतो.

तारतंत्री
शाब्बास. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

वनिता
बुरशीवर थेट रंग मारला तर ती रंगातून वर येते. आधी ब्लीचचं पातळ द्रावण लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, मग ओल्या फडक्याने पुसायचं. हातमोजे, डोळ्यांना चष्मा, फॅन चालू, दार उघडं, आणि सासूबाईंना दमा आहे तर त्या दिवशी त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. ब्लीच असताना अॅसिडचं टॉयलेट क्लीनर त्या बाथरूममध्ये उघडायचंसुद्धा नाही, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू होतो. नंतर छत पूर्ण कोरडं होऊ द्या, फॅन अंघोळीनंतर वीसेक मिनिटं चालू ठेवत जा. डाग परत आले नाहीत तर मग रंगाऱ्याला बोलवा. आले तर वरच्या मजल्याच्या बाथरूममधून गळती आहे का ते आधी पाहावं लागेल.